न झालेल्या विमानाचं कार्ड

हे लिहायचं मी नऊ वर्षं टाळत आलो. वेळ नव्हता असं म्हणायची सोय नाही, निवृत्त माणसाकडे वेळेशिवाय असतं काय? आधी वाटायचं, ज्यांचा अपराध केला ते आहेत अजून, त्यांच्याशीच बोलून मिटवू. मग ते गेले, तेव्हा वाटलं, आता कुणाला काय पडलंय. घरात तर हे कुणालाच नको आहे. मुलगा म्हणाला, "बाबा, एका खेळण्यापायी या वयात स्वतःचं नाव का खराब करून घेताय?"

त्याला उत्तर इथंच देतो. ते खेळणं नाही. आणि माझं नाव जिथं लागायला नको होतं तिथं लागलं, म्हणून तर लिहायला बसलोय. खराब व्हायचं तर होऊ दे.

लोणावळ्यात एक वाचनालय आहे. आत शिरल्यावर डाव्या हाताला काचेचं कपाट आहे आणि त्यात एक लढाऊ विमान ठेवलंय. नॅट. आपल्या हवाई दलात एके काळी होतं ते, इवलंसं, चपळ. खऱ्या नॅटच्या चोविसाव्या हिश्शाएवढी ही प्रतिकृती, अडतीस सेंटिमीटर लांब. डोळ्यांत भरणारा फरक एकच. खऱ्या नॅटला चाकं होती. या नॅटच्या पोटाखाली दोन लांबट होड्या आहेत आणि ते पाण्यावर उतरतं. असं नॅट जगात कुठं, कधी बनलं नाही. पण कपाटातल्या कार्डावर नऊ वर्षं लिहिलेलं होतं की असा एक प्रस्ताव होता, नमुना तयार झाला होता, पुढं काम थांबलं. त्याखाली प्रतिकृती बनवणाऱ्याचं नाव. माझं.

विमानाची लांबी सोडली तर त्या कार्डावर खरं काहीही नव्हतं.

मी कुसगावचा. देहूरोडला लष्कराच्या एका डेपोत बत्तीस वर्षं नोकरी केली. फिटर म्हणून लागलो, चार्जमन म्हणून बाहेर पडलो. चार्जमन म्हणजे पंधरा-वीस माणसांच्या टोळीचा मुख्य. आमच्याकडे प्रत्येक कामाला एक जाड पिवळं कार्ड बांधलेलं असायचं. काम काय, तारीख काय, कुणी केलं. त्या 'कुणी केलं'च्या रकान्यात चार्जमनची सही व्हायची. टोळीत काम कुणीही करो, कार्डावर चार्जमन. मजुराचं नाव कार्डावर यायचं नाही. यात कुणाला काही वावगं वाटत नसे आणि मलाही कधी वाटलं नाही.

आबा त्या डेपोत मजूर होते. वलवण धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात ठाकर आदिवासींची एक वाडी आहे, दहा-बारा घरांची, तिथले. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे. सामान पाठवायच्या लाकडी पेट्या करायच्या कामावर होते. पेटी अशी नेमकी बसवायचे की झाकण दाबलं की आतली हवा फुस्स करून बाहेर यायची. तेव्हा मी त्यांना नावानं हाक मारायचो, अरे-तुरे करायचो. ते मला सायब म्हणायचे. त्यांच्या हजारो पेट्या माझ्या सहीनं गेल्या.

निवृत्तीनंतर मी विमानांच्या प्रतिकृती करायला लागलो. तयार संच आणून चिकटवण्याचं काम नव्हे. पुस्तकातल्या आराखड्यावरून मोजमाप काढायचं आणि लाकूड, पत्रा, तार घेऊन सगळं हातानं घडवायचं. एका विमानाला चार-पाच महिने जायचे. बायको म्हणायची, "तिकडं बत्तीस वर्षं ठोकाठोक केलीत, ती आता माझ्या डोक्यावर." खोली गच्चीवर होती, त्यामुळं ते अक्षरशः खरं होतं.

एक दिवस आबा घरी आले, नातवाच्या बारशाचं बोलावणं करायला. निवृत्तीनंतरची ही आमची पहिलीच भेट. मी त्यांना वर नेलं आणि फळीवरची सातही विमानं दाखवली. हात मागं बांधून त्यांनी एकेक पाहिलं. हात लावला नाही.

"लय ब्येस," ते म्हणाले. "आन् ह्यात तुमचं काय, भाऊ?"

सायब गेलं होतं. भाऊ आलं होतं. मी जरा चमकलो.

"माझं काय म्हणजे? सगळं मीच केलंय."

"केलंय वो. पर ही इमानं कुनीतरी आदीच केल्याली. तुमी बघून बारकी केली. ह्यात तुमचं काय?"

मला राग आला. "मग तूच सांग, काय करू?"

त्यांनी वर बोट केलं. "आमच्या डोक्यावरनं जात्यात की ती लोहगावची लढाईची इमानं. धरनावरनं जात्यात. येक बी खाली उतरत न्हाई."

"पाण्यावर कसं उतरेल? बुडेल."

"मग पायात होड्या घाला."

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. "विमानाला होड्या? अगदी बदक दिसेल."

"बदक न्हाई वैनी, पानकावळा. बदकाला कोन भितंय?"

आम्ही तिघंही हसलो. पण ते गेल्यावर मी नॅटचा आराखडा काढला आणि त्याच्या पोटाखाली पेन्सिलनं दोन होड्या काढून बघितल्या. दुसऱ्या दिवशी बारशाची वाट न बघता वाडीवर गेलो.

काल्पनिक विमान म्हणजे मनाला येईल ते, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा करून बघावं. खरं विमान करताना शंका आली तर पुस्तक उघडता येतं. इथं पुस्तकच नसतं. हे असं का, याचं उत्तर प्रत्येक ठिकाणी आपणच द्यायचं आणि ते पटणारं द्यायचं. नॅटचं पोट जमिनीला टेकेल इतकं खाली, आणि हवा आत घ्यायची तोंडं दोन्ही कुशींना. आबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "पानी उडालं म्हंजी त्याच्या तोंडात न्हाई जानार?" मी आठ दिवस त्यावर घालवले. शेवटी ती तोंडं उचलून पंखाच्या वर नेली. मग शेपटी उंचावावी लागली. मग वजन मागं गेलं म्हणून होड्या पुढं सरकवाव्या लागल्या. एक गोष्ट हलवली की चार हलतात. मी बत्तीस वर्षांत जेवढं डोकं चालवलं नव्हतं तेवढं त्या सात महिन्यांत चालवलं. याला कुणी खेळणं म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही.

एकदा मी म्हणालो, "लढाऊच कशाला? प्रवासी करू की. होड्यांना ते जास्त शोभेल."

"नको," आबा म्हणाले. ते पांगाऱ्याचा ठोकळा तासत होते. "त्या पान्याखाली आमच्या आज्याची खाचरं हायेत. आमचं जनावर गेलं काठाला तर हाकालत्यात. मानूस बसला तर इचारत्यात, कुटनं आला. आपलं बी येक कायतरी असावं तितं ऐटीत बसनारं. लढाईचंच पायजे. त्याला कुनी ऊट म्हननार न्हाई."

त्यानंतर मी प्रवासी विमानाचं नाव काढलं नाही.

होड्यांचा प्रश्न मोठा होता. दोन्ही त्यांनीच कोरल्या, पांगाऱ्याच्या. हलकं लाकूड, विळ्यालाही ऐकतं. आधी एक कच्ची होडी करून आम्ही वलवणच्या पाण्यावर गेलो. बांबूला नायलॉनची दोरी, दोरीला होडी. मी काठावर उभा, आणि आबा सत्तरीला टेकलेले, बांबू धरून काठाकाठानं पळत. होडी पाण्याला चिकटायची, नाक खुपसायची आणि उलटायची. दहा वेळा उलटली. दोन पर्यटक मुली मोबाइल काढून आमचं चित्रण करत होत्या. एकीनं विचारलं, "काका, मासे पकडताय?"

"न्हाई बाय," आबा धापा टाकत म्हणाले, "इमान शिकवतोय."

मग ते खाली बसले आणि होडी उलटी करून बराच वेळ बघत राहिले. "भाताच्या चिखनीत फळी वढताना अशीच चिकटती," ते म्हणाले. "बुडाला मधी खाच मारली की वारा शिरतो आन् सुटती." कमरेचा चाकू काढून त्यांनी होडीच्या बुडाला मध्यावर एक आडवी पायरी कापली, बोटाच्या पेराएवढी. पुन्हा पळाले. या वेळी होडी जरा डगमगली, मग तिचं नाक उचललं गेलं, आणि ती पाण्यावरून सरसर घसरत निघाली, जेमतेम टेकल्यासारखी.

मी ओरडलो, "आबा! आबा, पळा!"

त्यांना आबा म्हणायची माझी ती पहिली वेळ. ठरवून म्हटलं नव्हतं. नंतर मात्र बदललं नाही.

पुढं महिनाभरानं मला एका जुन्या इंग्रजी पुस्तकात सापडलं की पाण्यावर उतरणाऱ्या खऱ्या विमानांच्या होड्यांना बुडाशी अशीच पायरी असते, अगदी याच कारणासाठी. ते पान मी वाडीवर नेऊन दाखवलं. आबांनी चित्र निरखून पाहिलं. "मंग बराबर हाय म्हना की त्यांचं," ते म्हणाले.

शेपटीवरचं चिन्हही त्यांचंच. पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा, बांबूच्या काडीनं काढलेला, पांढऱ्या रंगात. मी मोजमापं काढली, सांगाडा केला, पत्रा बसवला, रंग दिला. तेही काम थोडं नव्हतं आणि खोटा नम्रपणा मी करणार नाही. पण विमान कुणाचं होतं, याबद्दल आमच्या दोघांच्या मनात शंका नव्हती.

ते पुरं झालं आणि लोणावळ्यात छंदांचं एक प्रदर्शन भरणार असल्याचं कळलं. आबांच्या अंगणात बसून आम्ही कार्डाचा मजकूर ठरवला. 'काल्पनिक. असं नॅट कधी बनलं नाही. बनलं असतं तर वलवणच्या पाण्यावर उतरलं असतं.' खाली दोघांची नावं, आबांचं आधी. आबा चौथीपर्यंत शिकले होते, बोट ठेवून वाचायचे. त्यांनी ते कार्ड तीनदा वाचलं आणि माझ्या खिशात स्वतः घातलं.

प्रदर्शनाच्या दिवशी मी सकाळीच विमान घेऊन गेलो. आबा लेकीला घेऊन दुपारी येणार होते. दारात नोंदणीला बसलेल्या बाईंनी कार्ड पाहिलं. "काका, काल्पनिक असेल तर त्या कोपऱ्यात ठेवा हं, मुलांच्या टेबलावर." मी तिकडं पाहिलं. थर्माकोलचा किल्ला, मंगळावरची वसाहत, काडेपेट्यांचा रोबो. खऱ्या प्रतिकृतींचं टेबल मधोमध, पांढऱ्या चादरीवर.

मी म्हणालो, "कार्ड चुकीचं आलंय. दुसरं द्या."

कोरं कार्ड घेऊन मी भिंतीशी उभा राहिलो आणि ते लिहिलं, जे पुढं नऊ वर्षं टिकलं. प्रस्ताव, नमुना, काम थांबलं. 'कुणी केलं' तिथं मी माझं नाव घातलं. पहिलं कार्ड घडी करून परत खिशात. विमान चादरीवर गेलं.

दुपारपर्यंत टेबलापुढं गर्दी होती. हवाई दलातून निवृत्त झालेले एक अधिकारी आले, वाकून वाकून बघत राहिले.

"इतकी वर्षं विमानांत काढली," ते म्हणाले, "पण हे कधी ऐकलं नाही."

"साहेब, तेव्हा सगळंच सगळ्यांना सांगत नसत," मी म्हणालो. "आमच्या डेपोत आराखडा आला होता. पेट्यांच्या कामानिमित्त." हे मला तिथल्या तिथं सुचलं.

त्यांनी मला सलाम केला. खरोखरचा, कडक.

आणि तेवढ्यात आबा आले. धुतलेला पांढरा सदरा, डोक्यावर नवी टोपी, मागं लेक. ते सरळ विमानापाशी गेले आणि कार्डावर बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागले. "प्र-स्ता-वित." ते थांबले. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "भाऊ, ह्ये आपलं कार्ड न्हाई. बदाललं व्हय कुनी?" आणि समोरच्या अधिकाऱ्यांना हसून सांगायला लागले, "सायब, असलं इमान नव्हतंच. आमी मनानं केलंय ह्ये. ती खाच हाय ना बुडाला—"

अधिकारी माझ्याकडं वळले. "हे कोण?"

मी म्हणालो, "हा मला लाकूड आणून देतो."

"असं होय," ते म्हणाले आणि पुन्हा विमानाकडं वाकले.

आबा चिडले असते, चार शब्द ऐकवले असते, तर मी कदाचित तिथंच कबूल केलं असतं. त्यांनी टोपी सारखी केली आणि लेकीला म्हणाले, "चल, यष्टी चुकंल." एसटीला अजून दोन तास होते.

विमानाला बक्षिसाची ढाल मिळाली. प्रदर्शन संपल्यावर वाचनालयानं ते मागून घेतलं आणि कपाट केलं. कुणीतरी त्याचे फोटो इंटरनेटवर टाकले, आणि लोक त्या न झालेल्या विमानाबद्दल माहिती म्हणून लिहायला लागले. मला दोन ठिकाणी बोलायला बोलावलं. दोन्हीकडं गेलो. होडीच्या बुडाच्या खाचेबद्दल कुणीतरी विचारलं तेव्हा मी सांगितलं, ती मूळ आराखड्यात होती. चिखलातल्या फळीबद्दल एक शब्द बोललो नाही.

डेपोची सवय, हात आपोआप माझंच नाव लिहून गेला, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. ऐकायला बरं वाटतं. पण सवयीनं नाव लिहिलं जाईल, आराखडा आला होता असं सवयीनं सांगता येत नाही. काल्पनिक विमानात काही खोटं नव्हतं. मी त्याला खरं म्हणालो तिथं ते खोटं झालं.

महिन्याभरानं मी वाडीवर गेलो. काय बोलायचं ते चढणीवर घोकत गेलो होतो. अंगणात लेक भात पाखडत होती. मला बघून म्हणाली, "या भाऊ. लाकूड न्यायला आलाय व्हय? मागं पांगारा तोडलाय, चांगला जाडजूड हाय."

"गप गं," आबा आतून म्हणाले. "च्या टाक."

कोरा चहा आला. आबा भाताबद्दल बोलले, वाडीच्या रस्त्यावर मोटारी घालणाऱ्या पर्यटकांबद्दल बोलले, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मला तोंड उघडायची फटच त्यांनी ठेवली नाही, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "फट नव्हती की तुम्हाला जीभ नव्हती?"

दुसऱ्यांदा ढाल घेऊन गेलो. वाटलं, ती त्यांच्या हातात दिली की बोलायची गरज उरणार नाही. आबांनी ढाल घेतली, बोट ठेवून वाचली, आणि परत माझ्या पिशवीत सारली. "ह्येच्यावर तुमचं नाव हाय," ते म्हणाले. "माज्या घरात तुमचं नाव ठिवून मी काय करू?"

बोलायला याहून चांगली वेळ कुठली? मी पिशवी उचलून उतार उतरलो. त्यानंतर सहा वर्षं वाडीकडं फिरकलो नाही. लोणावळ्याच्या बाजारात एकदा ते दुरून दिसले, तेव्हा मी औषधाच्या दुकानात शिरलो आणि नको असलेलं मलम घेऊन बाहेर आलो.

मग त्यांच्या अंगावरून वारं गेल्याचं कळलं. मी गेलो. आबा बाजेवर होते, उजवी बाजू गेलेली, बोलणं गेलेलं, पण ऐकू येत होतं, कळत होतं. भोवती सगळी वाडी. त्यांच्यात आजारी माणसाला एकटं ठेवत नाहीत, कुणी ना कुणी बसून असतं. त्या दिवशी दहा-बारा माणसं होती. मी त्यांच्या पायाशी बसलो आणि लोक उठायची वाट बघत राहिलो. एक उठला की दुसरा येऊन बसायचा. तीन तास गेले. आबांचे डोळे माझ्यावर होते. चारचौघांत जे केलं होतं ते मला एकट्यात मिटवायचं होतं, आणि ती माणसं मला एकटं सोडत नव्हती. शेवटी मी म्हणालो, "येतो आबा, रविवारी निवांत येतो." शुक्रवारी ते गेले.

यंदा उन्हाळ्यात मी वाचनालयात गेलो आणि व्यवस्थापकांना म्हणालो, कार्ड बदलायचंय. नवं कार्ड लिहून नेलं होतं. त्यांनी ते वाचलं आणि दार लोटून घेतलं.

"काका, आता कशाला? लोक या विमानासाठी लांबून येतात. काल्पनिक लिहिलं तर कोण बघेल? आणि संस्थेची काय शोभा राहील?"

"संस्थेला मी फसवलंय. तसं लिहा."

"तुमच्या वयाला हे शोभत नाही."

"त्या वयाला शोभत नव्हतं. या वयाला शोभतं."

ते कुलूप उघडेनात. मग मी रोज सकाळी दहाला जाऊन कपाटापुढं खुर्ची टाकून बसायला लागलो. विमान बघायला येईल त्याला सांगायचो, हे खोटं आहे, असं विमान नव्हतं, मी थाप मारली, आणि हे ज्यांचं आहे त्यांचं नाव हे. पहिल्या दिवशी दोघं, दुसऱ्या दिवशी मुलांचं अख्खं उन्हाळी शिबिरच. मुलांना फारच आवडलं. एकानं विचारलं, "आजोबा, तुम्हाला शिक्षा झाली का?" मी म्हणालो, "चालू आहे." तिसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी पंखा बंद केला, मी घरून पुठ्ठा नेला. माझ्या मुलाला फोन गेला, मुलगा न्यायला आला, मी उठलो नाही. पाचव्या दिवशी त्यांनी किल्ली आणली.

ज्यांनी इंटरनेटवर लिहिलं होतं ते चिडले. चिडू देत. सलाम करणारे अधिकारी आता ऐंशीच्या पुढं आहेत, काठी टेकत घरी आले. "मी तुम्हाला सलाम केला होता," ते म्हणाले. मी म्हणालो, "परत घ्या साहेब." ते थोडा वेळ बसले, चहा घेतला, आणि जाताना त्यांनी विचारलं, "ती खाच खरंच त्या गृहस्थांना सुचली?" मी हो म्हणालो. ते मान हलवत गेले.

या लेखात मी कुणाचं नाव घातलेलं नाही. लेकीनंच सांगितलं, "तितं कपाटात लिवलंय तेवडं बास. छापून आनू नका, न्हाईतर हौशे-गवशे वाडीवर येत्याल." म्हणून ज्यांना नाव हवंय त्यांनी वाचनालयात जावं. कार्डावर आबांचं पूर्ण नाव आहे. कल्पना, होड्या, खाच आणि चिन्ह त्यांचं. मोजमाप आणि रंग माझा. आणि हे विमान खरं होतं असं मी नऊ वर्षं खोटं सांगितलं, हेही आहे.

नव्या कार्डाचा फोटो घेऊन मी लेकीकडं गेलो तेव्हा माझी जीभ सुटली होती. मी बोलायला सुरुवात केली. तिनं हात वर केला. "मला नका सांगू भाऊ. माजं काय गेलंय? ज्याचं हुतं त्याला सांगायचं हुतं."

बरोबर आहे तिचं. तिच्याकडं ते देता येत नाही. वाचनालयात, लोकांत, या कागदावर कितीही सांगितलं तरी ज्या कानांसाठी ते होतं तिथं ते पोचलेलं नाही. त्या दिवशी बाजेच्या पायाशी बसून, त्या दहा-बारा माणसांच्या देखत, मी एवढंच म्हणायचं होतं:

आबा, मी त्या दिवशी तुम्हाला लाकूड आणून देणारा म्हणालो. विमान तुमचं होतं. मुलांच्या टेबलाची मला लाज वाटली असं मी सगळ्यांना सांगत आलो, पण ते टेबल निमित्त होतं. तुमच्या नावाखाली माझं नाव लोकांनी वाचावं, याची मला लाज वाटली. मी चुकलो. माफ करा असं म्हणायचा मला हक्क नाही, ते तुम्ही ठरवा. मी फक्त तुमच्या दारात, तुमच्या माणसांसमोर, मी चुकलो हे सांगायला आलोय.